पतसंस्थेवर निवडून आलात? आधी तिजोरी मोजा

गुलाल धुऊन निघाला, हार सुकले आणि पहिल्या मासिक सभेची विषयपत्रिका हातात पडली. बहुतेक नवे संचालक इथेच घसरतात. व्यवस्थापक बोट ठेवेल तिथे सही करायची, चहा-बिस्किटं घ्यायची, सभेचा भत्ता खिशात टाकायचा आणि घरी जायचं. दोन-तीन वर्षांनी पेपरात अपहाराची बातमी येते आणि तेव्हा लक्षात येतं, की ठरावाखालच्या सह्यांमध्ये आपलीही सही आहे.

मी बरीच वर्षं पतसंस्थांची अंतर्गत तपासणी केली. इथे लिहिलंय ते करायला कॉमर्सची पदवी लागत नाही. किराणा दुकानदार, शाळेतल्या बाई, द्राक्षबागायतदार, कुणालाही पहिल्या तीन-चार महिन्यांत जमेल असं आहे.

कशासाठी करायचं, ते आधी सांगतो. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. भाजीवालीने रोज शंभर-शंभर साठवलेले पैसे बुडाले तर बुडाले. आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७३ प्रमाणे समितीच्या निर्णयांची जबाबदारी सगळ्या सदस्यांवर मिळून आणि एकेकावर स्वतंत्रपणेही येते. कलम ८८ खाली चौकशी होऊन संस्थेचं नुकसान संचालकांकडून वसूल करण्याचा आदेश निघू शकतो. ‘मला यातलं काही माहीत नव्हतं’ हे वाक्य त्या चौकशीत फार लांब जात नाही.

आता मुख्य गोष्ट. वहीची खात्री वहीतून होत नाही. रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही), खतावणी (खातेवार वही), तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा गोषवारा) सगळं जुळतं म्हणून संचालक निर्धास्त होतात. अहो, अपहार करणारा माणूस तर वही जुळवण्याची सगळ्यांपेक्षा जास्त काळजी घेतो. वही जुळली म्हणजे लिहिणाऱ्याला बेरीज येते एवढंच कळलं. खरं-खोटं कळतं ते वहीतल्या आकड्यामागची वस्तू बघितल्यावर. ती वस्तू म्हणजे नोटांची थप्पी, दुसऱ्या बँकेचं स्वतःचं स्टेटमेंट, सभासदाच्या हातातलं पासबुक, सोन्याचं पाकीट. पुढच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे वहीतून उठून त्या वस्तूपर्यंत कसं जायचं, एवढंच आहे.

पायरी १ : पहिल्या आठवड्यात जुने दोष वाचा

मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागून घ्या. ताळेबंदाची पानं उलटू नका, सरळ शेवटचे दोष वाचा. सोबत दोष दुरुस्ती अहवालही मागा. कलम ८२ खाली तो द्यावाच लागतो. मग तिन्ही वर्षांचे दोष शेजारी ठेवा. तोच दोष तीनदा आला असेल, उदाहरणार्थ ‘अनामत खात्यातील जुन्या रकमांचा खुलासा नाही’, ‘कोऱ्या ठेवपावत्यांचं स्टॉक रजिस्टर अपूर्ण’, ‘बँक ताळमेळ पत्रक (आपली वही आणि बँकेचं स्टेटमेंट यांतला फरक दाखवणारा तक्ता) तयार नाही’, तर त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. दरवर्षी ‘पूर्तता करण्यात येईल’ असं उत्तर मिळालेलं असतं. का केली नाही, हा तुमचा पहिला प्रश्न.

‘आपल्याला ऑडिट वर्ग अ आहे’, म्हणजे ऑडिटरने वरची श्रेणी दिली आहे, हे वाक्य खूप वेळा ऐकाल. चांगलीच गोष्ट आहे. पण ऑडिटर वर्षातून काही दिवस येतो, नमुन्यादाखल काही नोंदी बघतो आणि त्याला जे दाखवलं जातं त्यावर बरंच अवलंबून राहतो. त्याच्या वर्गावर तुम्ही झोपी जाऊ नका.

त्याच आठवड्यात एका कागदावर आपल्या शाखेत पैसा कसा फिरतो ते काढा. पैसे कोण घेतं, नोंद कोण करतं, दिवसअखेर कोण मोजतं, किल्ली कोणाकडे, बँकेत भरायला कोण जातं, ताळमेळ कोण लावतं. प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव लिहा. एकच नाव तीन ठिकाणी आलं की त्या भोवती गोल करा. छोट्या शाखेत तीन माणसं असतात, कामं वाटायची कशी, ही अडचण खरी आहे. तरी घेणारा, लिहिणारा आणि तपासणारा हे तिघे एकच नसावेत. शाखेत माणूस नसेल तर तपासणारा तुमच्यापैकी एक संचालक असू दे.

पायरी २ : रोकड मोजा, न सांगता

हे सगळ्यात सोपं काम, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. कारण लाज वाटते. वीस वर्षं नोकरी केलेल्या कॅशियर काकांसमोर बसून नोटा मोजायच्या म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. म्हणून सुरुवातीलाच नियम करून टाका, की दर महिन्याला कुठल्यातरी दिवशी प्रत्येक शाखेची रोकड मोजली जाईल, अगदी चेअरमनच्या सख्ख्या भावाची शाखा असली तरी. नियम सगळ्यांना लागू असला की अपमानाचा प्रश्न राहत नाही. प्रामाणिक कॅशियरला तर हे हवंच असतं. उद्या काही झालं तर पहिलं बोट त्याच्याकडेच जाणार असतं.

मोजायची रीत अशी. दोन संचालकांनी मिळून जायचं, काउंटर उघडण्याआधी किंवा बंद झाल्यावर. आधीच्या दिवसाची वहीतली शिल्लक कागदावर लिहून घ्यायची आणि मग तिजोरी उघडायला सांगायचं. कॅशियर पूर्ण वेळ समोर हवा. रोकडीपाशी तुम्ही एकटे थांबायचं नाही, नंतर शंभर रुपये कमी निघाले तर तुमच्यावर येईल. बंडलं वरवर मोजू नका, सोडा. वर-खाली पाचशेच्या आणि मध्ये दहाच्या नोटा असलेलं बंडल मी स्वतः सोडलंय. चिठ्ठ्या रोकड धरायच्या नाहीत. ‘साहेबांनी ४०,००० नेले, सोमवारी देतो’ असा कागद तिजोरीत सापडला तर ते ४०,००० कमी आहेत, बस. शेवटी नोटांचा तपशील लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या.

दोन शाखा असतील तर दोन्हीकडे एकाच वेळी मोजा. एकीकडे मोजणी सुरू झाल्याचा फोन गेला की दुसरीकडून पिशवी स्कूटरवर निघते आणि चहा संपेपर्यंत पोचते.

आणि आणखी एक गोष्ट, जिच्याकडे सहसा कुणी बघत नाही: एवढी रोकड ठेवायची गरजच काय? रोजचं वाटप दोन-तीन लाखांचं आणि वहीत शिल्लक सतत पंचवीस लाखांची, तर ती बहुधा फक्त वहीतच आहे. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेचं प्रकरण आठवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत प्रभादेवी आणि गोरेगावच्या तिजोऱ्यांमधली मिळून सुमारे १२२ कोटी रुपयांची रोकड गायब असल्याचं समोर आलं. प्रकरण आता न्यायप्रक्रियेत आहे, त्यामुळे कुणी काय केलं ते कोर्ट ठरवेल. आपल्यापुरता मुद्दा असा, की ज्या संस्थेला ऑडिटर होते, संचालक मंडळ होतं, संगणक होते, तिथे दोष उघड झाला तो कुणीतरी प्रत्यक्ष तिजोरी उघडून मोजल्यावर.

पायरी ३ : बँकेतली शिल्लक बँकेलाच विचारा

संस्थेचा पैसा जिल्हा बँकेत किंवा इतर बँकांमध्ये असतो, त्याचं स्टेटमेंट व्यवस्थापक फाइलला लावून आणतो. ते घेऊ नका. घरातल्या दहावीच्या पोरालाही पीडीएफमधला आकडा बदलता येतो. नेट बँकिंगचा फक्त बघण्यापुरता अधिकार एका संचालकाच्या नावे घ्या आणि स्वतः बघा. तेवढी सोय नसेल तर बँकेत जाऊन शिक्क्यानिशी स्टेटमेंट घ्या.

गुंतवणुकीच्या ठेवपावत्यांचंही तेच. पावती कपाटात आहे म्हणजे ठेव आहे असं नाही. ती मोडलेली असू शकते, तिच्यावर कर्ज उचललेलं असू शकतं, पावतीच बनावट असू शकते. संबंधित बँकेला पत्र लिहून शिल्लक आणि बोजा दोन्ही विचारा, आणि उत्तर शाखेच्या पत्त्यावर मागवू नका. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कबूल केलं, की ताळेबंदातले रोख आणि बँक शिल्लक मिळून ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. तेवढे कोटी कागदावर वर्षानुवर्षं ‘बँकेत’ होते. बँकेकडून थेट, स्वतंत्र खातरजमा नीट झाली असती तर ते इतकी वर्षं टिकले नसते.

ताळमेळ पत्रकात जुन्या अडकलेल्या नोंदी शोधा. ३१ मार्चला भरलेला दिसतो आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातही वटत नाही, असा चेक म्हणजे मार्चअखेरची रंगरंगोटी, म्हणजे ताळेबंदापुरती फुगवलेली शिल्लक, असू शकते.

पायरी ४ : पिग्मीचे पासबुक घेऊन बाजारात फिरा

पिग्मीची कल्पना मोठी गोड आहे. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये दारोदार जाऊन रोज दोन-दोन आणे गोळा करण्यापासून ती सुरू केली, आणि आपल्याकडच्या पतसंस्था तर तिच्यावरच वाढल्या. पण पैसे रस्त्यावर, एका माणसाच्या पिशवीत, घाईगर्दीत गोळा होतात. संस्थेतली सगळ्यात पातळ जागा हीच.

होतं असं. प्रतिनिधी चहावाल्याकडून शंभर घेतो, मशीनमध्ये पन्नास टाकतो. किंवा शंभरच टाकतो पण पाच दिवसांनी, मधले दिवस पैसे त्याच्याकडे फिरतात. एकदा फिरवायची सवय लागली की आज गोळा केलेल्या मंडईच्या पैशात कालचा स्टँडचा खड्डा भरायचा आणि उद्याच्या स्टँडच्या पैशात मंडईचा. याची टोपी त्याच्या डोक्यावर. हे चक्र एक दिवसही थांबवता येत नाही, त्यामुळे असा प्रतिनिधी रजा घेत नाही, आजारी पडत नाही, मुलीच्या लग्नाच्या दिवशीही संध्याकाळी फेरी मारून येतो. लोक त्याला कष्टाळू म्हणतात. बऱ्याचदा तो खरंच कष्टाळू असतो, हेही सांगायला हवं, म्हणून नुसत्या या लक्षणावरून निष्कर्ष काढू नका.

तपासायचं कसं? प्रत्येक प्रतिनिधीची वीस खाती निवडा. निवड तुम्ही करा, शाखेला यादी द्यायला लावू नका. संगणकातली शिल्लक कागदावर उतरवा आणि बाजारात निघा. टपरीवर थांबा, चहा घ्या, पासबुक नाहीतर पावत्या दाखवायला सांगा. ‘तुमच्या माणसावर संशय आहे’ असं म्हणायचं नाही. ‘संचालक म्हणून भेटीगाठी घेतोय, पासबुकं बरोबर भरली जातात का बघतोय’ एवढं पुरतं. एका दुपारी पंधरा दुकानं होतात. वर ओळखी होतात त्या वेगळ्या.

दुसरी युक्ती बसल्या जागी करता येते, आणि मला ती फार आवडते. सगळ्या खात्यांची यादी मोबाइल नंबरच्या क्रमाने लावायला सांगा. एकच नंबर दहा-बारा वेगवेगळ्या आडनावांच्या खात्यांवर दिसला तर तो कोणाचा ते पाहा. एका शाखेत तसा नंबर निघाला तो प्रतिनिधीच्या बायकोचा. सभासदांना जाणारे सगळे एसएमएस तिच्या फोनवर जात होते. सभासदांना वाटायचं संस्था एसएमएस पाठवत नाही, संस्थेला वाटायचं पाठवतोय. तेव्हापासून मी कुठेही गेलो की नंबर बदलण्याचे अर्ज आधी मागतो. नंबर बदलायला सभासद स्वतः समोर हवा आणि जुन्या नंबरवर एक फोन जायला हवा.

पायरी ५ : ठेवपावत्या

कोऱ्या पावत्यांची पुस्तकं म्हणजे कोऱ्या नोटाच. किती छापली, कितव्या क्रमांकापासून, कोणाला दिली, किती उरली, याचं रजिस्टर हवं. रद्द पावतीचे दोन्ही भाग जोडलेले हवेत. क्रमांकात खंड पडला की त्याचं उत्तर त्याच दिवशी घ्या, कारण पैसे घेऊन खरी पावती द्यायची आणि वहीत नोंदच करायची नाही, हा जुना प्रकार आहे. ठेवीदार खूश असतो. व्याजही त्याला दर तिमाहीला मिळतं, खिशातून. वही सुद्धा जुळते, कारण वहीत काही लिहिलेलंच नसतं. असा प्रकार वही कितीही तपासली तरी दिसत नाही. म्हणून वर्षातून एकदा ठेवीदारांना शिल्लक पडताळणीचं पत्र जायला हवं. ‘तुमची ठेव आमच्याकडे इतकी आहे, फरक असल्यास कळवा’ असं लिहा. पत्रं शाखेने टाकायची नाहीत, आणि उत्तरं मुख्य कार्यालयात संचालकाच्या नावे यायला हवीत.

ज्यांना पत्र पोचत नाही त्यांची खाती वेगळी काढा. एकटी राहणारी म्हातारी माणसं, परदेशी गेलेली मुलं, वारलेले सभासद, वर्षानुवर्षं हालचाल नसलेली खाती. अपहार करणाऱ्याला अशीच खाती हवी असतात, कारण विचारायला कोणी येत नाही. अशा खात्यात व्यवहार व्हायचा असेल तर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या सक्तीच्या करा. ठेवतारण कर्जाच्या फाइलीत ठेवीदाराची सही मूळ नमुना सहीशी ताडून पाहा, आणि त्याला एक फोन करा. आयकर कायद्यानुसार २०,००० रुपये किंवा त्याहून मोठी ठेव रोखीने परत देता येत नाही. कुठे तशी दिली असेल तर दंडाचा प्रश्न आहेच, पण तुम्ही आधी विचारा, की ते रोख पैसे नेले कोणी.

पायरी ६ : कर्ज, म्हणजे वरच्या मजल्यावरचा अपहार

काउंटरवर लाखांचा घोळ होतो. संस्था बुडते ती कर्जात, आणि तिथे सहसा वरच्या खुर्च्या गुंतलेल्या असतात. त्यामुळे ही पायरी नव्या संचालकाला सगळ्यात अवघड जाते. ज्यांच्या पॅनलमधून निवडून आलात त्यांचीच फाइल मागायची असते.

मोठ्या ३० कर्जांची यादी घ्या आणि त्यात चार गोष्टी पाहा. पत्ता सारखा आहे का? जामीनदारांचं गोल रिंगण आहे का, म्हणजे याला तो जामीन, त्याला हा? कर्ज जमा झालं त्याच दिवशी पैसे एकाच तिसऱ्या खात्यात वळले का? आणि मार्चमध्ये जुनं कर्ज फिटून एप्रिलमध्ये तेवढंच किंवा थोडं मोठं नवं कर्ज उभं राहिलं का? या शेवटच्याला आपल्याकडे ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. त्यात थकबाकी कागदावरून गायब होते, पैसा कुठूनच परत येत नाही.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत, म्हणजे पीएमसीमध्ये, एका बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जं लपवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवल्याचा आरोप झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. रांगेतल्या त्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे टीव्हीवर पाहिलेले कुणी विसरणार नाही. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

सोनेतारणाचं तंत्र वेगळं. दर तिमाहीला दहा पाकिटं सीलसह बाहेर काढा, दोघांच्या साक्षीने उघडा, वजन करा आणि संस्थेशी संबंध नसलेल्या दुसऱ्या सराफाकडून कस तपासून घ्या. मूल्यांकन करणाऱ्याचा मेहनताना कर्जाच्या रकमेवर टक्क्याने ठरत असेल तर तो आधी बदला. सोनं जास्त दाखवण्यात ज्याचा फायदा, त्यालाच सोनं तोलायला बसवणं बरं नाही. एकाच व्यक्तीची किंवा एकाच घराची पाकिटं वारंवार येत असतील तर ती दहांत हमखास घ्या.

पायरी ७ : संगणक

पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनला चिकटवलेली दिसली तर सर्वांत आधी ती काढा. ‘सगळे एकाच आयडीने काम करतात’ याचा अर्थ उद्या कुठल्याच नोंदीची जबाबदारी कोणावर टाकता येणार नाही. दिवसअखेर बंद झालेला दिवस पुन्हा उघडण्याचा, मागच्या तारखेची नोंद करण्याचा आणि नोंद पुसण्याचा अधिकार कोणाला आहे ते सॉफ्टवेअरवाल्याकडून लेखी घ्या. बऱ्याच ठिकाणी तो अधिकार खुद्द सॉफ्टवेअरवाल्याच्या पोराकडे असतो, आणि व्यवस्थापकाचा एक फोन गेला की काम होतं. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असं हिशोबाचं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. पतसंस्थेला तो कंपनी कायदा लागू नाही, पण तुम्हाला तशी मागणी करायला कोणी अडवलेलं नाही.

रात्री नऊनंतरच्या आणि सुट्टीच्या दिवशीच्या नोंदींची यादी महिन्याला काढून घेत जा. तिच्यात बऱ्याचदा काहीच नसतं.

पायरी ८ : रजेवर पाठवा

पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेतलं प्रकरण फेब्रुवारी २०१८ मध्ये बाहेर आलं, तेव्हा आकडा सुमारे ११,४०० कोटींचा होता. परदेशी बँकांना हमीपत्रांचे संदेश जात होते, पण त्यांची नोंद बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत होत नव्हती. ज्या अधिकाऱ्यावर ठपका आला तो त्याच शाखेत वर्षानुवर्षं होता. तो निवृत्त झाला, त्याच्या जागी नवे लोक आले, त्यांनी पुढच्या हमीपत्रासाठी पूर्ण रोख तारण मागितलं, आणि ‘आधी तर कधी मागत नव्हता’ असं उत्तर मिळालं. तिथून धागा सुटला.

यातली युक्ती फुकटची आहे: माणूस हलवा. रिझर्व्ह बँकेने बँकांमधल्या संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून सलग किमान १० कामकाजाच्या दिवसांची सक्तीची रजा, तीही आधी न सांगता, देण्याचा नियम केलाय. पतसंस्थेने तो उचलावा. कॅशियर, कर्ज विभागाचा लिपिक, शाखाधिकारी, पिग्मी प्रतिनिधी, सगळ्यांना. रजेच्या काळात त्याच्या टेबलावर दुसरा माणूस बसलाच पाहिजे आणि रजेवरच्या माणसाचा आयडी बंद पाहिजे. टेबलाला कुलूप लावून ‘ते आल्यावर बघू’ म्हणायचं असेल तर ती रजा देऊच नका, उपयोग शून्य.

लोक मला विचारतात, चोर ओळखायचा कसा. डोनाल्ड क्रेसी नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने तुरुंगातल्या अपहार करणाऱ्यांशी बोलून सांगितलेलं अजून खरं आहे: कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, हाताशी असलेली संधी, आणि स्वतःची समजूत घालणारं एखादं कारण (‘उसने घेतोय, दिवाळीत भरतो’). अडचण आणि समजूत तुमच्या हातात नाही. संधी आहे. चेहरे वाचण्यापेक्षा तिच्याकडे बघा. मी पकडलेल्यांमध्ये एकही जण चोरासारखा दिसत नव्हता. एक तर दर एकादशीला सगळ्या स्टाफला साबुदाण्याची खिचडी आणायचा.

पायरी ९ : तक्रारीला दार ठेवा

अपहार तपासकांच्या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या अहवालात ४३ टक्के प्रकरणं कोणीतरी दिलेल्या माहितीमुळे उघड झालेली आहेत, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा माहिती देणारा त्याच संस्थेतला कर्मचारी होता. म्हणजे शिपायाला माहीत असतं. क्लार्क मुलीला माहीत असतं. फक्त सांगायचं कुणाला ते माहीत नसतं, कारण तक्रारपेटीची किल्ली शाखाधिकाऱ्याकडे असते.

पासबुकाच्या मागच्या पानावर तपासणी समितीचा फोन नंबर छापा, शाखेचा नको. निनावी पत्र आलं तर ‘निनावी आहे’ म्हणून फाडू नका. त्यात खाते क्रमांक, तारीख, रक्कम असं काही असेल तर तपासा, नुसत्या शिव्या असतील तर बाजूला ठेवा. आणि सभासदांच्या साध्या कुरकुरी ऐका. ‘पासबुक भरून देत नाहीत’, ‘मशीन बंद आहे म्हणतात’, ‘ठेव मोडायला गेलो तर चार दिवसांनी या म्हणाले’. या तक्रारी लोक सेवेच्या तक्रारी समजतात. मी त्या आधी रोकडीच्या तक्रारी म्हणून वाचतो.

पायरी १० : आणि काही सापडलंच तर

इथे घाई सगळ्यात महाग पडते. फरक दिसला की त्या माणसाला केबिनमध्ये बोलावून दम द्यायचा मोह होतो. देऊ नका. दम दिला की त्याच रात्री रजिस्टर भिजतं किंवा हार्ड डिस्क ‘उडते’. आधी कागद ताब्यात घ्या: मूळ व्हाउचर, पावतीपुस्तकं, रोकड मोजणीची पत्रकं. संगणकातल्या डेटाची प्रत जाणकाराकडून घ्या. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, ते त्याच वेळी करून ठेवलं तर नंतर धावपळ होत नाही. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, ते पहिल्याच दिवशी उतरवून घ्या. मग आयडी बंद, किल्ल्या बदल, आणि तातडीची सभा.

त्या सभेत कुणीतरी ज्येष्ठ हमखास म्हणेल, ‘पोराबाळांचा धनी आहे, पैसे भरतोय म्हणतो, संस्थेची अब्रू जाईल, मिटवून टाका.’ पैसे जरूर भरून घ्या, पावती देऊन घ्या. पण भरले म्हणून कळवायचं सोडू नका. मिटवलेलं प्रकरण पुढच्या ऑडिटला निघालं, की ज्यांनी मिटवलं त्यांची नावं अपहार करणाऱ्याच्या शेजारी येतात. दाबून ठेवून लिहून घेतलेल्या कबुलीजबाबाचाही उपयोग नाही, उलट तुमच्यावरच गुन्हा व्हायचा. आणि रक्कम पक्की होण्याआधी गावात नाव फोडू नका. निर्दोष निघाला तर ते परत घेता येत नाही.

ऑडिटरला आणि सहकार खात्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयाला लेखी कळवा, पोच घ्या. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८१ प्रमाणे ऑडिटरला हिशोबासंबंधी गुन्हा आढळला तर त्याने आपला अहवाल दिल्यापासून १५ दिवसांत निबंधकांना विशेष अहवाल द्यायचा असतो आणि त्यांच्या लेखी परवानगीने फिर्याद नोंदवायची असते. सखोल चौकशी लागली तर कलम ८३ आहे. फौजदारी बाजूला १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे: विश्वासघाताला कलम ३१६, फसवणुकीला ३१८, हिशोबात खोट्या नोंदींना ३४४. जुन्या जाणत्यांच्या तोंडी अजून आधीच्या दंड संहितेतली ४०९ आणि ४२० ही कलमं असतात, फिर्याद देताना गोंधळ करू नका. प्रकरण ठेवीदारांचे पैसे थकण्यापर्यंत गेलं तर महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदाही, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, लागू होऊ शकतो.

ठेवीदारांना काय सांगायचं? आकडा सांगा. किती गेले, किती भरून घेतले, आज हातात आणि बँकेत किती आहेत. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असा बोर्ड लावला की दुसऱ्या दिवशी दारात रांग लागते, हे मी दोन गावांत पाहिलंय.

आता पहिल्या सभेपुरता ठरावाचा मसुदा देतो, विषयपत्रिकेत आयत्या वेळच्या विषयांत मांडता येईल: ‘संस्थेच्या सर्व शाखांतील रोख शिल्लक, बँक शिल्लक, सोनेतारण पाकिटे व पिग्मी खाती यांची पूर्वसूचना न देता प्रत्यक्ष पडताळणी करण्यासाठी तीन संचालकांची तपासणी समिती नेमण्यात येत आहे. समितीने दर महिन्यास लेखी अहवाल मंडळापुढे ठेवावा.’ सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. समितीत कर्ज समितीतला कोणी घेऊ नका. पहिल्या मोजणीची तारीख ठरावात लिहू नका, व्यवस्थापकाने कितीही विचारलं तरी.